दहन, भस्म आणि धूर : घातक कचऱ्याच्या भस्मीकरणाची प्रक्रिया व परिभाषा
(चामराजपेट, बंगळूर या परिसराच्या संदर्भात)

१. दोन भाषांतील एक क्रियापद

बंगळूरच्या जुन्या किल्ल्याच्या पश्चिमेस असलेली चामराजपेट ही वसाहत दहावे चामराजेंद्र वडियार यांच्या नावाने १८९२ च्या सुमारास वसविली गेली. साहित्याच्या अभ्यासकांना ती मुख्यतः कन्नड साहित्य परिषदेमुळे परिचित आहे. १९१५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने कन्नड निघंटु हा आठ खंडांचा शब्दकोश सिद्ध केला. याच परिसरात मिंटो नेत्र रुग्णालय आहे, आणि किल्ल्याच्या कडेला व्हिक्टोरिया रुग्णालय, वाणी विलास रुग्णालय व बंगळूर वैद्यकीय महाविद्यालय हा शासकीय वैद्यकीय संस्थांचा समूह आहे. शब्दांचा संग्रह करणारी संस्था आणि रोज मोठ्या प्रमाणावर रोगसंसर्गी कचरा निर्माण करणाऱ्या संस्था यांचा हा शेजार योगायोगाचा आहे. तथापि घातक कचऱ्याच्या भस्मीकरणाचा विचार करताना तो उपयोगी पडतो, कारण या प्रश्नाची एक बाजू रसायनशास्त्राची असली तरी दुसरी बाजू भाषेची आहे.

१६३८ मध्ये शहाजीराजांकडे बंगळूरची जहागीर आली, तेव्हापासून मराठी आणि कन्नड या भाषांचा या शहरात निकटचा सहवास आहे. या दोन भाषांची कुळे भिन्न असली तरी त्यांच्या संयुक्त क्रियापदांच्या रचनेत आढळणारे साम्य अभ्यासकांना सुपरिचित आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांतील एक उदाहरण लक्षणीय ठरते. नकोशा वस्तूविषयी मराठी भाषक 'जाळून टाक' असे म्हणतो, तर कन्नड भाषक 'सुट्टु हाकु' असे म्हणतो. मराठीतील 'टाकणे' आणि कन्नडमधील 'हाकु' या दोन्ही सहायक क्रियापदांचा मूळ अर्थ ठेवणे वा फेकणे असा आहे. मुख्य क्रियापदाला जोडून आल्यावर ती क्रियेची पूर्णता आणि वस्तूपासून झालेली सुटका सूचित करतात. म्हणजे जाळणे आणि टाकणे या दोन क्रिया या भाषांत एका दमात उच्चारल्या जातात. जे जाळले ते टाकले गेले, आणि जे टाकले ते संपले.

'बेचिराख', 'राखरांगोळी', 'होळी करणे', 'भस्मसात होणे' हे मराठी शब्दप्रयोगही याच धारणेवर उभे आहेत. १९०५ मध्ये पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली तेव्हा तिचा अर्थ निःसंदिग्ध होता. भस्म हा तेथे शेवटचा शब्द होता. घातक कचऱ्याच्या भट्टीत मात्र भस्म हा शेवटचा शब्द नसतो. ज्वलनाने पदार्थ नाहीसा होत नाही, तो रूप पालटतो. त्याचा काही भाग वायुरूपाने धुराड्यातून जातो, काही भाग धुळीच्या रूपाने गाळणीत अडकतो, काही धुण्याच्या पाण्यात उतरतो आणि काही राखेच्या रूपाने मागे राहतो. भस्मीकरणाची सुरक्षितता म्हणजे या चारही वाटांवर ठेवलेला पहारा होय. भाषेने संपले असे सांगितलेले जेथे संपत नाही, तेथेच या विषयातील खरा धोका आरंभतो. हा धोका कसा उद्भवतो, तो आवरण्यासाठी कोणती यंत्रणा उभी राहिली, आणि ती यंत्रणा सामान्य माणसाला समजावून सांगताना भाषांतरकारावर कोणती जबाबदारी येते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२. २२ जून १८९७ : एक दिवस, दोन शहरे

रोगसंसर्गी वस्तू जाळण्याची मराठी मनातील सामूहिक स्मृती प्लेगशी निगडित आहे. १८९७ च्या प्रारंभी पुण्यात प्लेगच्या निवारणासाठी रँड यांच्या अधिपत्याखाली कडक उपाययोजना सुरू झाली. घरझडत्या, रुग्णांची सक्तीने रवानगी, घरांचे निर्जंतुकीकरण आणि संशयित वस्तूंचा नाश यांमुळे लोकांत तीव्र संताप पसरला. २२ जून १८९७ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्याच दिवशी, त्याच महोत्सवाच्या निमित्ताने, बंगळूरमध्ये व्हिक्टोरिया रुग्णालयाची कोनशिला म्हैसूर संस्थानच्या राजप्रतिनिधी महाराणी केंपनंजम्मण्णी यांच्या हस्ते बसविण्यात आली. ८ डिसेंबर १९०० रोजी लॉर्ड कर्झन यांनी या रुग्णालयाचे उद्घाटन केले. मधल्या काळात, १८९८ मध्ये, प्लेग बंगळूरलाही पोहोचला होता.

या दोन घटनांचा कार्यकारणसंबंध जोडण्याचे प्रयोजन नाही. परंतु त्या एकत्र पाहिल्या असता एक गोष्ट स्पष्ट होते. सार्वजनिक आरोग्यासाठी जाळणे ही क्रिया केवळ तांत्रिक कधीच नव्हती. जाळणारा कोण, कोणाच्या दारापुढे जाळतो आणि ज्याला त्याची झळ पोहोचते त्याला काय सांगितले जाते, हे प्रश्न तिला आरंभापासून चिकटलेले होते. पुण्यातील नागरिकाला रोगजंतूंचा सिद्धांत त्याच्या भाषेत कोणी समजावून सांगितला नाही, त्याच्या वाट्याला फक्त हुकूम आला. सव्वाशे वर्षांनंतर भस्मीकरण केंद्रांच्या भोवती उठणाऱ्या वादांतही हीच तक्रार वेगळ्या शब्दांत ऐकू येते.

३. हुताशन आणि हव्यवाहन

कचरा जाळण्याची पहिली नियोजनपूर्वक बांधलेली भट्टी १८७४ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे उभी राहिली. तिचे जनक आल्फ्रेड फ्रायर यांनी तिला 'डिस्ट्रक्टर' म्हणजे विनाशक असे नाव दिले. पुढे रूढ झालेला 'इन्सिनरेटर' हा शब्द लॅटिनमधील राख या अर्थाच्या शब्दापासून आलेला असून 'भस्मीकरण' हा त्याचा जवळजवळ शब्दशः प्रतिशब्द आहे. हिंदी परिभाषेने 'भस्मक' हे नाव स्वीकारले. आयुर्वेदात 'भस्मक' हे कितीही खाल्ले तरी न शमणाऱ्या भुकेच्या विकाराचे नाव आहे, आणि मराठीतील 'भस्म्या' त्यावरूनच आला, ही बाब परिभाषा घडविणाऱ्यांच्या मनात होती किंवा नाही हे महत्त्वाचे नाही. मात्र या सर्व नावांत एक समान कल्पना आहे. भट्टी खाते आणि संपविते.

संस्कृत परंपरेत अग्नीला हुताशन म्हणजे आहुती खाणारा हे नाव आहे. महाभारताच्या आदिपर्वातील खांडववनदाहाच्या कथेत हाच अग्नी भेटतो. यज्ञातील अतिरिक्त घृतामुळे अपचन झालेला अग्नी वन खाऊन बरा होऊ पाहतो. परंतु त्या सर्वभक्षक आगीतूनही तक्षकाचा पुत्र अश्वसेन, मयासुर आणि चार शार्ङ्गक पक्षी वाचतात, आणि अश्वसेन पुढे कर्णाच्या बाणावर बसून परत येतो. संपूर्ण दाहानंतरही काही निसटते आणि कालांतराने परततेच, ही जाणीव त्या कथेच्या रचनेतच आहे.

याच अग्नीचे दुसरे नाव हव्यवाहन, म्हणजे आहुती वाहून नेणारा. येथे अग्नी शेवट करीत नाही, तो दिलेले पलीकडे पोहोचवितो. भस्मीकरणाचे शास्त्र हुताशनापेक्षा हव्यवाहनाच्या कल्पनेला अधिक जवळचे आहे. भट्टीत जे घातले ते वाहून नेले जाते. काय नेले जाते, कोणत्या रूपात आणि कोठवर, एवढाच प्रश्न उरतो. पुढील दोन प्रकरणांत त्या प्रश्नाचे तांत्रिक उत्तर पाहावयाचे आहे.

४. भट्टीचे कार्य

उघड्यावर पेटवलेला ढीग आणि नियंत्रित दाहभट्टी यांतील भेद तीन घटकांत सांगता येतो. हे घटक म्हणजे तापमान, काळ आणि घुसळण. पदार्थातील सेंद्रिय रेणू पूर्णपणे तुटावयाचे असतील तर पुरेशी उष्णता हवी, त्या उष्णतेत राहण्यास पुरेसा अवधी हवा, आणि प्रत्येक रेणूला प्राणवायू भेटावा यासाठी वायूंची चांगली सरमिसळ हवी. यांपैकी एकही घटक उणा पडला तर ज्वलन अर्धवट राहते आणि मूळ पदार्थाहून अधिक विषारी पदार्थ निर्माण होऊ शकतात.

म्हणून दाहभट्टीला दोन कक्ष असतात. भारतातील जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनुसार पहिल्या कक्षाचे तापमान किमान ८०० अंश सेल्सिअस असावे लागते. तेथे कचरा जळतो आणि त्यातून निघालेले वायू दुसऱ्या कक्षात जातात. त्या कक्षाचे तापमान १०५० अंश, त्यात ५० अंशांचा फरक क्षम्य, आणि वायूंनी तेथे किमान दोन सेकंद राहिले पाहिजे. १९९८ च्या नियमांत हा अवधी एक सेकंद होता. वरवर पाहता एका सेकंदाची ही वाढ क्षुल्लक भासेल, परंतु तापलेल्या वायूच्या दृष्टीने तो अवधी दुप्पट आहे, आणि तेवढ्यासाठी भट्टीचा आकार व इंधनाचा खर्च दोन्ही वाढतात. ज्वलन किती पूर्ण झाले याचे माप धुराड्यातील वायूंवरून काढतात. कार्बन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्या बेरजेत कार्बन डायऑक्साइडचा वाटा किमान ९९ टक्के असला पाहिजे. कार्बन मोनॉक्साइडचे वाढते प्रमाण म्हणजे भट्टीने दिलेली अर्धवट ज्वलनाची कबुली होय.

१९९८ च्या नियमांनी रुग्णालयांना स्वतःची प्रक्रिया व्यवस्था उभारण्याची किंवा सामाईक केंद्राकडे कचरा सोपविण्याची मुभा दिली होती. रुग्णालयाच्या आवारातील लहान भट्टी दिवसातून काही तास चालते. ती पेटताना आणि विझताना तापमान अपुरे असते, आणि तिच्या भोवती रुग्ण व दाट वस्ती असते. चामराजपेटेसारख्या जुन्या, भरगच्च पेठेत ही अडचण कोणाच्याही ध्यानात येईल. त्यामुळे २०१६ च्या नियमांनी दिशा स्पष्ट केली. पंचाहत्तर किलोमीटरच्या आत सामाईक केंद्राची सेवा उपलब्ध असेल तर रुग्णालयाने स्वतःची प्रक्रिया यंत्रणा उभारू नये. परिणामी शहराच्या मध्यभागातील रुग्णालयांचा पिवळ्या पिशव्यांतील कचरा वाहनाने शहराच्या सीमेबाहेर जातो. धूर पेठेतून हलला, तो अन्य कोणाच्या तरी गावाच्या दिशेने गेला. नियमनाच्या दृष्टीने ही सुधारणाच होय, कारण मोठी, अखंड चालणारी भट्टी अधिक काटेकोरपणे चालविता येते. पण शहराच्या सोयीचा भार शहराबाहेरील माणसाने वाहावा, हा नैतिक प्रश्न त्यामुळे सुटत नाही. मुंबईत गोवंडी येथील जैववैद्यकीय कचरा केंद्राविषयीचा वाद उच्च न्यायालयात गेला आणि २०२३ मध्ये ते खालापूर तालुक्यात हलविण्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली गेली. त्या वादाचा गाभाही हाच होता.

५. धुराचे नियमन

भट्टीने आपले काम चोख केले तरी दोन प्रकारचे पदार्थ तिच्या आवाक्याबाहेर राहतात. पहिला प्रकार धातूंचा. पारा, शिसे, कॅडमियम ही मूलद्रव्ये आहेत आणि कोणत्याही तापमानाला मूलद्रव्याचे भस्म होऊन ते नाहीसे होत नाही. पाऱ्याची तर वाफ होते आणि ती वायूंबरोबर निघून जाते. दुसरा प्रकार क्लोरीनयुक्त संयुगांचा. पीव्हीसीसारखे प्लास्टिक जळाले की हायड्रोक्लोरिक आम्ल निर्माण होते आणि डायॉक्सिन व फ्युरान या विषारी संयुगांच्या निर्मितीस क्लोरीन उपलब्ध होतो.

डायॉक्सिनांचा इतिहास येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. १० जुलै १९७६ रोजी इटलीतील सेवेसो गावाजवळच्या रासायनिक कारखान्यातील अपघाताने हे नाव जगभर पोहोचले. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, कीस ओली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधील शहरी कचऱ्याच्या भट्ट्यांच्या धूलिराखेत डायॉक्सिने आढळल्याचे दाखवून दिले. म्हणजे जे विष अपघाताने बाहेर पडल्याचे जगाने पाहिले, तेच नित्याच्या व्यवहारातूनही बाहेर पडत होते. त्यांतील सर्वांत विषारी संयुगाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये मानवी कर्करोगकारक ठरविले. २००१ च्या स्टॉकहोम कराराने कचऱ्याच्या भट्ट्यांना अशा पदार्थांच्या प्रमुख स्रोतांत स्थान दिले आणि भारताने २००६ मध्ये या कराराला अनुसमर्थन दिले.

डायॉक्सिनाचे वैशिष्ट्य असे की ते भट्टीच्या प्रखर उष्णतेत तुटते, पण वायू थंड होत असताना, साधारणतः २०० ते ४५० अंशांच्या दरम्यान, धुळीच्या कणांवर पुन्हा जुळून येते. तांब्यासारखे धातू या जुळणीस साहाय्य करतात. अश्वसेनाच्या पुनरागमनाशी याचे साम्य जोडण्याचा मोह टाळला तरी तथ्य तेच आहे. म्हणून वायू या तापमानाच्या पट्ट्यातून शक्य तितक्या वेगाने नेण्यासाठी त्यांवर पाण्याचे फवारे सोडून ते एकाएकी थंड केले जातात. त्यानंतर त्यांत चुन्याची आणि सक्रिय कोळशाची पूड सोडतात. चुना आम्लाला उदासीन करतो, कोळसा डायॉक्सिन व पाऱ्याची वाफ धरून ठेवतो. पुढे कापडी पिशव्यांच्या गाळणीत ही सर्व धूळ अडते आणि शेवटी क्षारयुक्त पाण्याच्या स्क्रबरमध्ये वायू धुतले जातात. पंख्याच्या ओढीमुळे संपूर्ण यंत्रणेत बाहेरच्यापेक्षा कमी दाब राखला जातो, जेणेकरून वायू फटींतून बाहेर न पडता धुराड्याच्याच वाटेने जावेत. धुराड्याची उंची किमान ३० मीटर असते.

२०१६ च्या नियमांनी धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक सामान्य घनमीटर वायूत धूलिकण ५० मिलिग्रॅम, हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मिलिग्रॅम, नायट्रोजनची ऑक्साइडे ४०० मिलिग्रॅम आणि पारा ०.०५ मिलिग्रॅम अशा मर्यादा घातल्या. धूलिकणांची मर्यादा १९९८ मध्ये १५० मिलिग्रॅम होती आणि डायॉक्सिनांसाठी तर मर्यादाच नव्हती. ती आता विषारी समतुल्यतेच्या मापाने ०.१ नॅनोग्रॅम आहे. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. इतक्या अल्प राशीचे मापन खर्चिक व वेळखाऊ असते. त्यामुळे भट्टीचे तापमान व काही वायू यांची नोंद सतत होत असली, तरी डायॉक्सिनांचे विश्लेषण नियमानुसार वर्षातून एकदा करावयाचे असते. उरलेल्या दिवसांचा भरवसा तापमानाच्या आणि कार्बन मोनॉक्साइडच्या नोंदींवर, म्हणजेच त्या नोंदी प्रामाणिकपणे ठेवणाऱ्या माणसांवर असतो.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. धुराचे खरे नियमन धुराड्यापाशी होत नाही, ते रुग्णालयातील खाटेपाशी होते. शरीराचे अवयव, रक्ताने माखलेले कापूस व बोळे, मुदत संपलेली औषधे यांसाठी पिवळी पिशवी असते. सलाइनच्या नळ्या व बाटल्यांसारख्या प्लास्टिकसाठी लाल पिशवी असते. सुया व धारदार वस्तूंसाठी भोक न पडणारे पांढरे पात्र आणि काचेसाठी निळी खूण असलेली पेटी असते. यांपैकी दाहभट्टीची वाट मुख्यतः पिवळ्या पिशवीला आहे. लाल पिशवीतील प्लास्टिक ऑटोक्लेव्हमधील वाफेने निर्जंतुक करून, त्याचे तुकडे करून पुन्हा वापरात आणावयाचे असते. पीव्हीसीची नळी चुकून पिवळ्या पिशवीत पडली, तर त्या चुकीची किंमत शहराबाहेरच्या गावाने श्वासातून मोजावयाची असते. परिचारिका आणि सफाई कामगार यांच्या हातातील हा निर्णय या संपूर्ण साखळीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक नियंत्रण आहे. त्या निर्णयासाठी भिंतीवर लावलेला तक्ता त्यांना वाचता येणाऱ्या भाषेत असला पाहिजे, हे ओघाने आले.

६. राखेचे पुढे काय होते

भस्म हा शेवट नव्हे, या विधानाचा अलीकडील सर्वांत ठळक पुरावा मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे मिळतो. पीथमपूर हे धार जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या पवार संस्थानाच्या मुलखात आहे. धार आणि इंदूर या परिसरात मराठी कुटुंबांची दीर्घ परंपरा आहे.

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमधील वायुदुर्घटना घडली. त्यानंतर युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्यात साठून राहिलेला घातक कचरा कोठे जाळावयाचा हा प्रश्न चार दशके सुटला नाही. गुजरातमधील अंकलेश्वर, नागपूरजवळील संरक्षण संशोधन संस्थेची भट्टी आणि जर्मनी असे पर्याय क्रमाने पुढे आले आणि प्रत्येक ठिकाणच्या विरोधामुळे वा अडचणींमुळे मागे पडले. अखेर न्यायालयाच्या आदेशानंतर १ जानेवारी २०२५ च्या रात्री सुमारे ३३७ टन कचरा बारा बंदिस्त कंटेनरांतून पीथमपूरकडे निघाला. ३ जानेवारी रोजी तेथे निदर्शने झाली आणि त्यांत दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. त्यानंतर राज्य शासनाला लोकांमधील गैरसमज दूर करण्यासाठी उच्च न्यायालयाकडून सहा आठवड्यांची मुदत मिळाली. चाळीस वर्षांत जे सांगितले गेले नव्हते ते सहा आठवड्यांत समजावून सांगावयाचे होते.

फेब्रुवारी अखेरीपासून मार्चपर्यंत दहा-दहा टनांच्या तीन चाचण्या घेण्यात आल्या. भट्टीत ताशी १३५, १८० आणि २७० किलो असा चढता भार देऊन उत्सर्जनाचे मापन झाले. त्यानंतर उर्वरित कचरा मे महिन्यापासून जाळला गेला आणि ३० जून २०२५ पर्यंत काम पूर्ण झाले. वृत्तपत्रांनी कचरा भस्म झाल्याच्या बातम्या दिल्या. प्रत्यक्षात ३३७ टन कचऱ्याच्या ज्वलनानंतर ८०० टनांहून अधिक राख व अवशेष मागे राहिले.

जाळल्यावर वस्तू कमी होते या लोकसमजुतीला धक्का देणारी ही आकडेवारी प्रथमदर्शनी विपरीत वाटते. तिचे स्पष्टीकरण मात्र मागील प्रकरणात आलेले आहे. मूळ कचऱ्याचा मोठा भाग दूषित मातीचा होता आणि माती जळत नाही. शिवाय वायू शुद्ध करण्यासाठी टाकलेला चुना व अन्य द्रव्ये विषारी घटक धरून ठेवून स्वतःच अवशेष बनतात. धुराला जितके काटेकोर गाळावे तितका गाळ वाढतो. हवेत जाऊ न दिलेले कोठे तरी ठेवावे लागते, आणि त्याची जागा म्हणजे दुहेरी अस्तर घातलेले, झिरपणारे पाणी गोळा करण्याची सोय असलेले, वरून बंद केलेले सुरक्षित भरावक्षेत्र होय. पाऱ्यासारखे धातू काळाने विघटित होत नाहीत. त्यामुळे अशा भरावाची राखण ही काही वर्षांची बाब नसून पिढ्यांची जबाबदारी आहे. पीथमपूरच्या भट्टीतील ज्वलन महिन्यांत संपले, राखेचा प्रश्न न्यायालयासमोर त्यानंतरही राहिला.

मराठीत अंत्यसंस्कारानंतरच्या राखेला 'रक्षा' म्हणतात आणि तिच्या विधीला 'रक्षाविसर्जन'. रक्षा या संस्कृत शब्दाचा दुसरा अर्थ राखण, सांभाळ असा आहे, आणि मराठीत 'राख' हे नाम व 'राखणे' हे क्रियापद शेजारी शेजारी नांदतात. मृतदेहाच्या राखेचे विसर्जन करता येते. घातक कचऱ्याच्या राखेचे विसर्जन करता येत नाही, ती राखावीच लागते.

७. भाषांतराची जबाबदारी

पर्यावरण आघात मूल्यांकनाची १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना अशा प्रकल्पांच्या जनसुनावणीसाठी अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबरच स्थानिक भाषेत उपलब्ध करून देण्यास सांगते. हा सारांश म्हणजे गावकऱ्याच्या हाती येणारा बहुधा एकमेव मजकूर होय. त्याचे मूल्य त्याच्या भाषांतरावर अवलंबून असते आणि तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकांनी आजवर या मजकुराकडे क्वचितच लक्ष दिले आहे.

अशा भाषांतरात तीन प्रकारचे दोष संभवतात. पहिला दोष पूर्णतेच्या क्रियापदाचा. 'कचरा जाळून टाकला जाईल', 'कचरा नष्ट केला जाईल' अशी वाक्ये व्याकरणाने निर्दोष असली तरी अर्थाने अपुरी आहेत, कारण ती राख आणि धूर या दोन फलितांना वाक्याबाहेर ठेवतात. दुसरा दोष तत्सम परिभाषेचा. 'भस्मीकरण' या शब्दाला भस्म, विभूती, अंगारा यांच्या पावित्र्याची छटा चिकटलेली आहे. ज्या राखेला हात लावू नये तिच्यासाठी कपाळाला लावण्याच्या राखेचा शब्द वापरल्याने धोक्याची जाणीव बोथट होते. तिसरा दोष कर्त्याच्या अनुपस्थितीचा. 'उत्सर्जनाचे सनियंत्रण केले जाईल' या वाक्यात ते कोण करणार, किती वेळा करणार आणि त्याचे निष्कर्ष कोणाला दाखविणार हे सांगितलेले नसते.

कन्नडमध्ये हा प्रश्न याच रूपात आढळतो. तेथील शासकीय परिभाषेत कचऱ्यासाठी 'त्याज्य' हा संस्कृत शब्द रूढ आहे. त्याचा अर्थ टाकून देण्याजोगे, म्हणजे मराठीतील 'टाकाऊ' याच्याशी समांतर. बोलीतील 'कस' हा शब्द घराघरांत पोहोचलेला असला तरी अधिसूचनेत त्याला स्थान कमी. राखेसाठी कन्नडमध्ये 'बूदी' हा रोजचा शब्द आहे आणि त्याला 'भस्म' या शब्दाचे वलय नाही. मराठीत 'राख' हा शब्द तशाच कामाचा आहे. परिभाषेसाठी तत्सम शब्द प्रतिष्ठित आणि देशी शब्द अपुरा ही समजूत या एका उदाहरणापुरती तरी तपासून पाहण्यासारखी आहे. 'दाहभट्टी', 'राख', 'धूर', 'गाळ' या शब्दांत सांगितलेली प्रक्रिया अशास्त्रीय होत नाही, उलट तिच्या चारही वाटा वाचकाच्या डोळ्यांपुढे येतात.

पर्यायी मजकूर फार वेगळा असण्याची गरज नाही. भट्टीत काय घातले जाईल, हवेत काय आणि किती सोडले जाईल, मागे किती राख उरेल, आणि ती कोण, कोठे, किती वर्षे राखील, एवढ्या चार प्रश्नांची उत्तरे कर्तरी वाक्यांत दिली तरी जनसुनावणीचा अर्थ पालटेल. या चारही प्रश्नांचे आकडे तांत्रिक अहवालात असतातच. ते सारांशाच्या भाषेत उतरत नाहीत, आणि मग त्यांची जागा एकीकडे आश्वासन व दुसरीकडे भीती घेते. १८९७ मध्ये पुण्यात आणि २०२५ मध्ये पीथमपुरात जे घडले त्यांची तुलना एका मर्यादेपलीकडे नेता येणार नाही. परंतु दोन्ही ठिकाणी अग्नी पेटविणाऱ्यांनी ज्यांच्या दाराशी तो पेटविला त्यांच्याशी बोलण्यास उशीर केला, हे त्यांतील साम्य दुर्लक्षिण्याजोगे नाही.

चामराजपेटेच्या परिसरातील रुग्णालयांतून निघणारी पिवळी पिशवी नियमानुसार अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काळ प्रक्रियेविना ठेवता येत नाही. ती नेली जाते, जाळली जाते आणि तिची राख कोठे तरी साठविली जाते. या प्रवासात तिच्यावर अनेक शिक्के व संकेतपट्ट्या लागतात, पण तो प्रवास ज्यांच्या गावापाशी संपतो त्यांना त्यांच्या भाषेत वाचता येईल असा मजकूर त्यांत अभावानेच असतो. निघंटु सिद्ध करणाऱ्या परिषदेच्या पेठेतून ही पिशवी निघते, हे लक्षात घेतले तर त्या मजकुराचे काम कोणाकडे येते हे निराळे सांगावयास नको.